अप्पर, डिपर आणि अमावस्या: लांब पल्ल्याच्या बाइकस्वारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लांबच्या प्रवासाचं वेळापत्रक कागदावर नेहमी उजेडात संपतं. प्रत्यक्षात पंक्चर, पाऊस आणि ‘हा शेवटचा फोटो’ यांच्या कृपेने उरलेले शंभर किलोमीटर हटकून रात्रीच्या वाट्याला जातात. खालचे बहुतेक प्रश्न त्या शंभर किलोमीटरांत सुचलेले असतात. काही भर दिवसाचेही आहेत, कारण डोळे दिपवण्याच्या बाबतीत सूर्यही समोरच्या ट्रकपेक्षा मागे नाही.

रात्री बाइक किती वेगाने चालवावी?

जेवढा रस्ता दिसतोय तेवढ्यात थांबता येईल, तेवढ्या. डिपरवर (खाली झुकलेल्या, जवळच्या उजेडात) गडद कपड्यातला माणूस किंवा काळं जनावर साधारण ४० ते ५० मीटरवर नजरेत येतं. आता आकडे बघा. दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरा. रस्ता कोरडा, टायर चांगले. ताशी ६० ला त्या दीड सेकंदात २५ मीटर जातात आणि ब्रेक लागल्यावर आणखी २३, एकूण ४८. ताशी ८० ला ३३ आणि ४१, म्हणजे ७४. ताशी १०० ला १०६. म्हणजे डिपरवर ६० च्या पुढे गेलात की शेवटचे काही मीटर तुम्ही श्रद्धेवर चालवता. अप्पर (लांब जाणारा उजेड) लावून रस्ता मोकळा असेल तर ८० चालतं. खडी, चिखल किंवा ओल असेल तर हे सगळे आकडे तुमच्याविरुद्ध जातात.

मग जास्त वॅटचा बल्ब टाकला की प्रश्न मिटला?

प्रश्न मिटत नाही, होल्डर वितळतो.

आधी मल्टिमीटर घ्या. इंजिन चालू, तीनेक हजार आरपीएम, हेडलाइट लावलेला. बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज बघा, मग बल्बच्या कपलरवर (वायरी जोडणाऱ्या प्लगवर) मागच्या बाजूने पिना खुपसून बघा. बॅटरीवर १४ आणि बल्बपाशी १२.६ निघाले, तर १० टक्के व्होल्टेज वायरिंगने, स्विचने आणि गंजलेल्या अर्थिंगने गिळलं आहे. हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. म्हणून १० टक्के व्होल्टेज गेलं की सुमारे ३० टक्के उजेड जातो. नवा बल्ब घ्यायच्या आधी हा आपलाच उजेड परत मिळवा.

फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर अर्थची वायर सोडवून, रिंग आणि चासी घासून, पुन्हा घट्ट बसवा. तरीही फरक राहिला तर रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. बॅटरीच्या प्लसपासून वायर काढा, १५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज लावा आणि ती रिलेच्या ३० नंबरला द्या. ८७ मधून बल्बला जाड वायर, ८५ अर्थला आणि ८६ ला हेडलाइटची मूळ वायर. अप्पर आणि डिपरला वेगवेगळे रिले लागतात. आता स्विचमधून फक्त रिले ओढण्यापुरता करंट जातो. बल्बचा पाच अँपिअर थेट बॅटरीकडून येतो.

छोट्या बाइकवाल्यांसाठी खास सूचना: तुमच्याकडे बहुधा ३५/३५ वॅटचा एचएस-१ बल्ब असतो. तो ६०/५५ वॅटच्या एच-४ चा जुळा भाऊ वाटावा इतका सारखा दिसतो; बूड मात्र थोडं वेगळं असतं. त्यावर कानस चालवून एच-४ बसवणारे कलाकार सगळीकडे सापडतात. तो बसतोही. मग दुपटीच्या जवळपास उष्णता रिफ्लेक्टरला तपकिरी करते, कपलर मऊ पडतो आणि ऑल्टरनेटर बॅटरीचं पोट भरू शकत नाही.

एलईडी बल्ब तरी चालेल ना?

अख्खा एलईडी हेडलॅम्प असेल तर उत्तम. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब खुपसायचा असेल तर भिंतीवर उजेड पाडून परीक्षा घ्या. एच-४ मध्ये डिपरच्या तारेखाली धातूची छोटी वाटी असते. रिफ्लेक्टरच्या खालच्या भागावर आपटून वर गेला असता तो प्रकाश ती अडवते, म्हणूनच भिंतीवर उजेडाची वरची कड सुरीने कापल्यासारखी दिसते. एलईडीच्या चिप त्या तारेच्या जागेपासून एक-दोन मिलिमीटर जरी सरकल्या तरी ती कड फिसकटते. बल्ब बदलायच्या आधी आणि नंतर भिंतीचा फोटो काढा. कड गायब झाली असेल तर बल्ब काढा. चिप डाव्या-उजव्या बाजूला तोंड करून आहेत ना, हेही बघा. वर-खाली असतील तर बल्ब चुकीचा फिरलाय.

आणखी एक गंमत. असे बल्ब पुढचे दहा मीटर लखलखीत करतात आणि स्वार खूश होतो. पण पायाजवळ एवढा झगमगाट असला की बाहुली लहान होते आणि लांबचं, म्हणजे जे खरोखर बघायचं आहे ते, आणखी काळं पडतं. बल्बच्या मागचा पंखा मावत नाही म्हणून रबरी टोपी काढून टाकलीत, तर धूळ आणि पाणी हेडलॅम्पमध्ये कायमचे भाडेकरू म्हणून येतात.

मी डिपरवरच आहे, तरी समोरचे सगळे मलाच का डिपर मारतात?

कारण मागे सामान आहे, बहुधा सहप्रवासीही आहे आणि तुमचा डिपर आता झाडावरच्या घुबडांसाठी लागलेला आहे.

दोन चाकांमधलं अंतर १.४ मीटर धरा. सामानाने मागची बाजू फक्त ३ सेंटिमीटर बसली, तरी हेडलाइट दोन टक्क्यांहून जास्त वर उठतो. ५० मीटरवर हा फरक एक मीटरहून अधिक होतो. जी कड दिव्याच्या उंचीपेक्षा अर्धा मीटर खाली पडायला हवी, ती अर्धा मीटर वर जाते. तिथे समोरच्या कारवाल्याचे डोळे असतात.

निघायच्या आदल्या संध्याकाळी अर्धा तास काढा. टायरमध्ये भरल्या गाडीसाठी सांगितलेली हवा भरा. सगळं सामान बांधा. ‘साधारण एवढंच असेल’ चालणार नाही. मागच्या शॉकचा प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) वजनाप्रमाणे वाढवा, कारण निम्मं दुखणं तिथेच बरं होतं. मग सपाट जागी, दिव्याची काच भिंतीपासून बरोबर ५ मीटरवर येईल अशी बाइक उभी करा. तुम्ही आणि सहप्रवासी दोघेही बसा, बाइक सरळ धरा. टेप तिसऱ्या माणसाच्या हातात द्या. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर खूण करा. डिपरची वरची कड त्या खुणेच्या ५ सेंटिमीटर खाली यायला हवी. सात-आठ झाली तरी चालेल. स्क्रू किंवा बाजूचे बोल्ट ढिले करून जमवा आणि पुन्हा आवळा.

परतल्यावर सामान उतरवलं की हेच उलटं करायचं. ते विसरतात, आणि मग महिनाभर पुढच्या मडगार्डवर रोषणाई चालू राहते.

समोरचा अप्पर खाली करतच नाही. मीही लावू का?

लावा, म्हणजे एकाऐवजी दोन आंधळे समोरासमोर येतील.

एकदा डिपर-अप्पर करून आठवण द्या. मग त्याच्या दिव्याकडे बघणं सोडा आणि आपल्या बाजूच्या कडेची रेष पकडा. रेष नसेल तर जिथे डांबर संपून माती सुरू होते ती कड. वेग तो जवळ यायच्या आधीच कमी करा, कारण खरा अंधार तो निघून गेल्यावर येतो. डोळे सावरायला काही सेकंद लागतात आणि वयाबरोबर ही वेळ वाढते. ताशी ८० ला पाच सेकंद म्हणजे १११ मीटर. एवढ्या अंतरात एक बंद पडलेला ट्रॅक्टर सहज मावतो.

समोरून एकच दिवा येतोय. बाइकच ना?

ते जवळ आल्यावर कळेल, आणि तोवर उशीर झालेला असेल. एक दिवा गेलेली कार, ट्रक, ट्रॅक्टर काहीही असू शकतं, आणि उरलेला दिवा कुठल्या बाजूचा आहे हे लांबून ओळखता येत नाही. नेहमी गृहीत धरा की जिवंत दिवा तुमच्यापासून लांबचा आहे आणि मेलेली बाजू तुमच्या अंगावर येतेय. कडेला सरका.

हेच उलटंही खरं. तुमचा एकुलता दिवा बघून समोरच्याला तुमचं अंतर आणि वेग नीट समजत नाही. दोन दिव्यांमधलं अंतर वाढताना दिसलं की डोळ्याला वेग कळतो. एका ठिपक्यात वाढण्यासारखं फारसं काही नसतं. म्हणून चौकात तो ‘अजून लांब आहे’ म्हणून आडवा घुसतो. पुढे रुंदीवर दोन मंद दिवे लावले तर इथे खरा उपयोग होतो.

वळणावर उजेड शेतात आणि रस्ता भलतीकडे, असं का?

बाइक कलते, दिवाही तिच्याबरोबर कलतो. डाव्या वळणावर उजेडाची कड डावीकडे खाली झुकते आणि उजवीकडे वर उठते. म्हणजे जिथे जायचं आहे तिथे काळोख आणि जिथे जायचं नाही तिथे दिवाळी. यावर काही कंपन्यांनी इलाज काढलाय. २०११ साली बाजारात आलेल्या बीएमडब्ल्यू के १६०० जीटीमध्ये कलाप्रमाणे उजेड सरळ करणारा हेडलाइट मिळू लागला. कलल्यावर आतल्या बाजूचा जादा दिवा पेटवणाऱ्या बाइकही आता आहेत.

आपल्या बाइकवर हे नसेल तर वळणाआधी दिवसापेक्षा जास्त वेग उतरवा आणि कल कमी ठेवा. पुढे ट्रक असेल तर त्याचे लाल दिवे फुकटचा नकाशा आहेत. ते कुठे वळतात, कुठे खाली जातात, कुठे अचानक पेटतात ते बघत राहा. तीन सेकंदांचं अंतर मात्र ठेवा. ट्रक दोन चाकांच्या मधून जो खड्डा सोडतो, तो नेमका तुमच्यासाठी राखून ठेवलेला असतो.

काळी काच रात्री चालेल का? दिसते भारी.

तुम्ही भारी दिसता, तुम्हाला काही दिसत नाही. हेल्मेटच्या ईसीई या युरोपीय मानकात ८० टक्क्यांपेक्षा कमी प्रकाश आत सोडणाऱ्या काचेवर ‘फक्त दिवसा’ अशी खूण असावी लागते. दुहेरी काचेचं (बाहेर साधी, आत वर-खाली होणारी काळी) हेल्मेट घ्या किंवा साधी काच सामानात वर ठेवा. तळाशी ठेवाल तर अंधार पडल्यावर ती काढायला कंटाळा येईल, हे लिहून ठेवा.

साध्या काचेचे शत्रू दोन: ओरखडे आणि कीटक. समोरचा दिवा प्रत्येक बारीक ओरखड्यावर फुटून तारा होतो. कीटक खरवडू नका. ओला रुमाल काचेवर पाच मिनिटं पसरून ठेवा, वाळलेलं सगळं मऊ पडतं, मग अलगद पुसा. पेट्रोल आणि अमोनियावाला काच-क्लीनर या काचेच्या पॉलिकार्बोनेट प्लास्टिकला खातात.

पिवळा चष्मा?

रात्री नको. तो झगमगाट कमी करतो असं वाटतं, कारण तो सगळाच उजेड थोडा कमी करतो.

सूर्य थेट डोळ्यांत येतो तेव्हा काय करावं?

हेल्मेटच्या काचेच्या वरच्या कडेला, आतून बघताना दृष्टीला आडवी येणार नाही अशी दोन-तीन सेंटिमीटरची काळी इन्सुलेशन टेप बाहेरून चिकटवा. मान जरा खाली केली की सूर्य टेपमागे, रस्ता टेपखाली. अंधार पडला की काढून टाका.

सूर्य मावळायला किती वेळ आहे हे हाताने मोजता येतं. हात पूर्ण लांब करा, बोटं आडवी धरा. क्षितिज आणि सूर्य यांच्यात मावणारं प्रत्येक बोट म्हणजे अंदाजे पंधरा मिनिटं. ध्रुवांकडे जाल तसा सूर्य तिरका उतरतो, तिथे वेळ जास्त मिळतो. डोंगरात मात्र क्षितिज म्हणजे समोरचा कडा.

जास्त धोका तुमची सावली लांब होऊन *पुढे* पडलेली असते तेव्हा असतो. सूर्य तुमच्या पाठीशी आहे, तुम्हाला सगळं सोनेरी आणि स्पष्ट दिसतंय, आणि समोरून येणाऱ्याला तुम्ही अजिबात दिसत नाही आहात.

बोगद्यात शिरताना काय बदलायचं?

तोंडापाशी पोचायच्या आधी काळा चष्मा वर करा. हातमोज्याने आत गेल्यावर ते जमत नाही. वेग आधीच उतरवा, कारण पहिले काही सेकंद आत नुसतं काळं भोक दिसतं. बाहेर पडताना उलटं: झगझगाट, आणि बऱ्याचदा आडवा वारा किंवा ओला रस्ता.

लांब बोगद्यात अडचण वेगळीच असते, एकसुरीपणाची. नॉर्वेतला लेर्दाल बोगदा २४.५ किलोमीटरचा आहे. २००० साली तो खुला झाला तेव्हा चालकांना गुंगी येऊ नये म्हणून मध्ये तीन मोठ्या गुहा खोदून तिथे निळे-पिवळे दिवे लावले गेले.

पावसात माझा हेडलाइट कुठे जातो?

पुढे निघून जातो. कोरडं डांबर खरबरीत असतं, त्यावरून थोडा उजेड तुमच्याकडे परततो. पाण्याचा थर आरसा होतो. तुमचा प्रकाश पुढे सरकवतो आणि समोरच्याचा इमानदारीने तुमच्या डोळ्यांत आणतो. पांढऱ्या पट्ट्यांतले काचेचे मणीही पाण्याखाली जातात, म्हणून पट्टे गायब होतात.

धुक्यात अप्पर म्हणजे पांढरी भिंत. डिपर ठेवा. फॉगलॅम्प असेल तर तो जितका खाली आणि जितका रुंद पसरणारा, तितका चांगला. रंगाला लोक देतात तेवढं महत्त्व नाही, धुक्याचे थेंब सगळ्या रंगांना जवळपास सारखेच उधळतात.

कडेला दोन हिरवे ठिपके दिसले. भूत?

भूत असतं तर बरं, ते आडवं पळत नाही. गाय, हरीण, कुत्रा, मांजर यांच्या डोळ्यांत पडद्यामागे परावर्तक थर असतो, तो तुमचाच उजेड परत पाठवतो. एक जोडी दिसली की दुसरी शोधा. चरणारी जनावरं सहसा एकटी नसतात. वेग उतरवा, हॉर्न वाजवा, आणि जनावर जिथून आलं त्या बाजूने म्हणजे त्याच्या मागून जा. डुकराच्या डोळ्यांत हा थर नसतो, आणि माणसाच्याही. तेव्हा ठिपके दिसले नाहीत म्हणजे रस्ता रिकामा आहे, असं मानू नका.

मध्यरात्री हेडलाइट गेला. आता?

आधी अप्पर-डिपर दोन्ही करून बघा. एकच गेला असेल तर बल्बमधली एक तार तुटली आहे. दोन्ही एकदम गेले तर आधी फ्यूज, मग कपलर, मग बल्ब. कपलर तपकिरी आणि वितळलेला दिसला तर नवा बल्बही तिथे फार टिकणार नाही.

एच-४ बदलायला दोन मिनिटं लागतात: कपलर ओढा, रबरी टोपी काढा, स्प्रिंगची क्लिप दाबून बाजूला करा. नव्या बल्बच्या तीन कानांपैकी रुंद कान वर येतो. काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल त्या जागी काच जास्त तापवतं आणि बल्ब अकाली जातो. लागलंच तर स्पिरिटने पुसा. जुना बल्ब निघाल्या निघाल्या हातात घेऊ नका, तो बदला घेतो.

फक्त अप्पर उरला असेल तर स्क्रूने दिवा खाली झुकवून हळूहळू जवळच्या वस्तीपर्यंत जा. काहीच उरलं नसेल तर रस्त्यापासून पूर्ण बाजूला थांबा. कपाळावरची बॅटरी बल्ब बदलायला असते, रस्ता बघायला नाही.

मागचा दिवा चालू आहे हे चालवताना कसं कळणार?

कळत नाही, म्हणूनच प्रत्येक थांब्यावर हातमोजा मागच्या दिव्यासमोर धरा. मंद लाल दिसला पाहिजे आणि ब्रेक दाबल्यावर भडक. पुढचा आणि मागचा ब्रेक वेगवेगळा तपासा, त्यांचे स्विच वेगळे असतात. साध्या २१/५ वॅटच्या बल्बच्या दोन पिना वर-खाली असतात, त्यामुळे तो एकाच दिशेने बसतो. जबरदस्ती करू नका, फिरवून बघा.

फ्लोरोसंट जॅकेट घेतलंय. रात्री मी दिसेन ना?

फ्लोरोसंट रंग अतिनील किरणांवर जगतो. दिवसा, विशेषतः तिन्हीसांजेला, तो कमाल करतो; रात्री हेडलाइटमध्ये ते एक साधं पिवळट जॅकेट असतं. रात्री परावर्तक पट्ट्या लागतात. हेल्मेटच्या मागे, बॅगांच्या मागच्या आणि बाहेरच्या कडांवर, आणि बुटांच्या टाचेवर लावा. दिवसा काळी दिसणारी परावर्तक टेपही मिळते, शोभेची काळजी असणाऱ्यांनी ती घ्यावी. सामानाची दोरी मागच्या दिव्यावर लोंबत नाही ना, तेही बघा.

हेडलाइटच्या उजेडात तंबू लावला तर?

५५ वॅटचा दिवा आणि मागचा मिळून साधारण ५ अँपिअर घेतात. बॅटरी १० अँपिअर-तासांची असेल तर दोन तासांत ती पार रिकामी, पण स्टार्टर त्याच्या बराच आधी हात टेकतो. तंबूच्या खुंट्या शोधण्यात पाऊण तास गेला की सकाळी धक्का मारायची तयारी ठेवा. लाल उजेडाची कपाळबॅटरी वापरा. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटं लागतात आणि पांढरा उजेड ती कमाई क्षणात उडवतो. हँडलवरचा मोबाइलही त्यातलाच: रात्री त्याची चमक अगदी कमी ठेवा.

डोळे मिटायला लागलेत, पण चाळीसच किलोमीटर राहिलेत.

तीन सेकंदांची डुलकी ताशी ८० ला ६७ मीटर. पहाटे दोन ते सहा शरीर झोपेकडेच ओढतं, गाणं म्हणून ते ऐकत नाही. थांबा, कॉफी प्या आणि लगेच वीस मिनिटं झोपा. कॉफीला चढायला साधारण तेवढाच वेळ लागतो. मग निघा, किंवा तिथेच मुक्काम करा.

पौर्णिमेला दिवा बंद करून चालवता येईल का?

पूर्ण चंद्र पाव लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास उजेड देतो. फोटो काढा, दिवा चालू ठेवा.

रस्त्याची बाजू बदलणाऱ्या देशात जाताना दिव्याचं काय?

डिपर सहसा कडेच्या बाजूला थोडा वर उचललेला असतो. डावीकडून चालणाऱ्या देशासाठीचा दिवा उजवीकडून चालणाऱ्या देशात नेलात की तोच उचललेला भाग समोरच्याच्या डोळ्यांत जातो. भिंतीवर कड बघून, तो वर चढणारा तुकडा जिथून येतो तेवढ्या भागावर काचेवर टेप लावा. प्लास्टिकची काच आणि हॅलोजन असेल तर टेप तापते, म्हणून पहिल्या थांब्यावर हात लावून बघा. ज्यांची कड सपाट आहे त्यांनी काहीच करायचं नाही.

अंधारच नको असेल तर कुठे जावं?

उत्तर नॉर्वेत, नॉर्डकापला. अक्षांश ७१ अंशांच्या वर, आणि मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत सूर्य मावळतच नाही. हेडलाइटची काळजी मिटते, पण सूर्य तासन् तास क्षितिजालगत डोळ्यांत राहतो, म्हणजे ती टेप घेऊन जाच. रात्री अकरालाही ‘अजून उजेड आहे की’ म्हणत चालवत राहण्याचा मोह होतो, म्हणून थांबायची वेळ सकाळीच ठरवा. रेनडिअर घड्याळ बघत नाहीत, ते कधीही रस्त्यावर येतात. तंबूत झोपणार असाल तर डोळ्यांवर बांधायची पट्टी न्या, आणि ती टाकीवरच्या बॅगेत वरच ठेवा.